सांगलीतली पियानो मैफल, हयात महिला संगीतकारांची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीतल्या या मैफलीची पत्रिका ग्रुपवर फिरायला लागल्यापासून तेच तेच प्रश्न येतायत, काही फोनवर, काही मेसेजमध्ये, काही भाजी मंडईत गाठून. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकत्र लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. तारीख, वेळ, हॉलचा पत्ता पत्रिकेवर आहे, तो इथे परत देत नाही.

१. ही नेमकी कसली मैफल आहे?

स्टेजवर एक पियानो, एक वादक, आणि सहा रचना. गाणं नाही, तबला नाही, ऑर्केस्ट्रा नाही. सहाही रचना बायकांनी लिहिल्यात आणि सहाही जणी आज हयात आहेत, काम करतायत. सगळ्यात जुनी रचना १९८३ ची, सगळ्यात नवी २०१२ ची, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांदेखत लिहिलं गेलेलं संगीत आहे हे. वाजवणारी पियानिस्ट पुण्याची आहे, प्रत्येक रचनेआधी ती दोन मिनिटं मराठीत बोलणार आहे. मध्यंतर धरून साधारण दीड तास.

२. शास्त्रीय म्हणताय, म्हणजे रागदारी का?

नाही. पाश्चात्त्य शास्त्रीय, आणि त्यातही आजचं. बाख, मोझार्ट, बेथोव्हेन, शोपँ ही जी परंपरा आहे ना, ती तिथेच थांबलेली नाही, आजही लोक त्यात नवीन लिहितात, आणि त्या नव्या लिखाणाला समकालीन शास्त्रीय म्हणतात. सिनेमाच्या गाण्यांचा पियानो किंवा हॉटेलात मागे हळू वाजतो तसला पियानो अपेक्षित धरून आलात तर सुरुवातीला गोंधळायला होईल म्हणून आधीच सांगतोय. एका रचनेत मात्र राग आहे, ते प्रश्न ५ मध्ये बघा.

३. फक्त महिलांसाठी आहे का?

नाही हो. लिहिणाऱ्या महिला आहेत, ऐकायला सगळ्यांनी या. भिशी ग्रुपने या, भजनी मंडळाने या, आजोबांना घेऊन या.

४. मला पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही, तरी येऊ का?

याच, आणि हे मी मनापासून सांगतोय. या सहा रचना सांगलीत आधी कधी वाजल्याचं आमच्या ऐकिवात नाही, त्यामुळे हॉलमधला जवळजवळ प्रत्येक जण त्या पहिल्यांदाच ऐकणार आहे, जाणकार आणि नवखा एकाच रांगेत. बेथोव्हेनबद्दल दोनशे वर्षांत लोकांनी इतकं बोलून ठेवलंय की ऐकणाऱ्याला आपलं मत बनवायला जागाच उरत नाही, इथे ती पूर्ण मोकळी आहे.

आणि आपल्या भागाचा कान कोरा नाहीये. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं तेव्हापासून इथली माणसं संगीत आणि रंगभूमी यातच वाढलीत. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन असायचा, पायाने भाता मारत वाजवायचा, आणि नाट्यसंगीताचा तो सूर ज्यांच्या कानात बसलाय त्यांना कीबोर्डवर वाजणारं संगीत परकं वाटायचं कारण नाही. फरक इतकाच की ऑर्गन आणि पेटीत हवेने आतली धातूची पातळ जीभ, म्हणजे रीड, कंप पावते, हवा आहे तोवर सूर टिकतो. पियानोत आतला नमद्याचा हातोडा तारेवर आदळतो आणि लगेच मागे येतो, मग सूर आपोआप विरत जातो, वादकाला तो वाढवता येत नाही. पियानोसाठी लिहिणाऱ्या प्रत्येकाची सगळी झटापट या विरण्याशी असते. तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

५. कोणाच्या रचना आहेत? नावं सगळी अनोळखी वाटली.

मैफलीतल्या क्रमाने सांगतो.

ज्युडिथ वीअर, ब्रिटिश, जन्म १९५४. इंग्लंडच्या राजघराण्याचं 'मास्टर ऑफ द क्वीन्स म्युझिक' हे पद शतकानुशतकं पुरुषांकडे होतं, ते २०१४ मध्ये पहिल्यांदा एका बाईला मिळालं, त्या याच. (२०२४ मध्ये त्या पायउतार झाल्यावर ते पद एरोलिन वॉलन यांना मिळालं, त्याही बाईच, मूळच्या बेलीझच्या.) आपण ऐकणार ती रचना 'द आर्ट ऑफ टचिंग द कीबोर्ड', १९८३ ची. कुपरँ नावाच्या फ्रेंच संगीतकाराने १७१६ मध्ये हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं कीबोर्ड वाद्य) वाजवण्यावर एक पुस्तक लिहिलं होतं, त्याच्या नावावरून हे नाव घेतलंय. पट्टीला हात किती तऱ्हांनी लागू शकतो, अगदी हळुवार टेकवण्यापासून जोरात हाणण्यापर्यंत, ते सगळं यात येतं, म्हणून सुरुवातीलाच ठेवलीय.

दुसऱ्या फ्रांगिझ अली-झादे, अझरबैजानच्या, बाकूमध्ये १९४७ चा जन्म, स्वतः उत्तम पियानिस्ट. त्यांची रचना 'म्युझिक फॉर पियानो', १९८९ ची. यात पियानोच्या तारांवर मण्यांची माळ ठेवतात, मधल्या सप्तकातले सूर त्यामुळे छेडलेल्या तंतुवाद्यासारखे झणझणीत येतात, त्यांच्याकडे 'तार' नावाचं वाद्य आहे त्याची आठवण देणारे. अझरबैजानचं मुगाम संगीत आपल्या रागाला नात्याने जवळचं, एका सुरावर रेंगाळत हळूहळू वर चढत जाणं तिथेही आहे. मला स्वतःला पूर्ण मैफलीत हीच रचना सगळ्यात जास्त आवडते आणि मिरजेत तानपुऱ्याची जवारी (घोडीवरून तारेला येणारी ती झणझण) लागताना ऐकलेल्या माणसाला ती पहिल्या मिनिटात पकडेल याची मला खात्री आहे. माळेबद्दल काळजी वाटत असेल तर प्रश्न १३ बघा.

मग कॅरोलाइन शॉ, अमेरिकन, जन्म १९८२. २०१३ मध्ये पुलित्झर (अमेरिकेतला मानाचा पुरस्कार) मिळालं तेव्हा संगीताचं पुलित्झर मिळवणाऱ्यांत त्या सगळ्यात तरुण होत्या. रचना 'गुस्ताव ल ग्रे', २०१२ ची, नाव एका जुन्या फ्रेंच फोटोग्राफरचं. शोपँचा एक मझुर्का (पोलिश नाचाच्या ठेक्यावरची छोटी रचना) आहे, ए मायनरमधला, ओपस १७ मधला चौथा, तो या रचनेच्या पोटात जवळजवळ अख्खा आहे आणि त्याच्या आजूबाजूला शॉ यांनी स्वतःचं लिहिलंय. कुठे शोपँ संपतो आणि कुठे शॉ सुरू होतात ते शोधत बसू नका, सापडणार नाही पटकन. घरी तो मझुर्का एकदा ऐकून आलात तर दुप्पट मजा.

मध्यंतरानंतर रीना इस्माईल, १९८३ चा जन्म, भारतीय वंशाच्या अमेरिकन, लॉस एंजेलिसला राहतात. पाश्चात्त्य संगीतरचना रीतसर शिकल्या आणि मग शिष्यवृत्तीवर भारतात येऊन हिंदुस्थानी संगीत शिकल्या. 'रंग दे बसंत', २०१२. हो, राग बसंतच. आता पियानोवर मींड निघत नाही, एका पट्टीवरून दुसरीवर घसरत जाता येत नाही, मग बसंत कसा उभा करायचा हा प्रश्न कोणाही हिंदुस्थानी माणसाला पडणारच. उत्तर मी इथे लिहीत नाही, ऐकायलाच या.

तानिया लिऑन, जन्म १९४३, हवानाच्या, १९६७ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या, पुलित्झर २०२१ मध्ये. 'टुंबाव', २००५. क्यूबाच्या नाचाच्या संगीतात खालच्या सुरांत एक ठेका सतत फिरत असतो त्याला टुंबाव म्हणतात. छोटी आहे, पाय हलले तर हलू द्या.

शेवटी अनसुक चिन, १९६१, सोलच्या, आता बर्लिनला. वडील धर्मोपदेशक, पियानो बराचसा स्वतःच शिकल्या, पुढे हॅम्बर्गला लिगेटी या मोठ्या संगीतकाराकडे शिकल्या. ग्रावमायर पुरस्कार २००४, अर्न्स्ट फॉन सीमेन्स पुरस्कार २०२४, या क्षेत्रात याहून मोठं फारसं काही नाही. त्यांनी पियानोसाठी सहा एट्यूड (वादनाच्या एकेका तंत्राचा कस लावणाऱ्या रचना) लिहिलेत, त्यातले दोन वाजणार आहेत, त्यात पाचवा, 'टोकाटा', शेवटचा. दोन हात असं वाजवू शकतात यावर विश्वास बसत नाही.

६. महिलाच का? संगीताला काय बाई आणि काय पुरुष?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, बहुतेक वेळा चांगल्या मनाने आला. सुराला बाई-पुरुष नसतं हे मान्य, पण सूर लिहून तो लोकांपर्यंत पोचवण्याच्या वाटेत ते कायम होतं. एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सन, त्याची मोठी बहीण फॅनी, दोघांचं शिक्षण सारखं, पण १८२० मध्ये वडिलांनी तिला पत्रात कळवलं की फेलिक्सचा संगीत हा पेशा होऊ शकेल, तुझ्यासाठी मात्र तो अलंकारच राहील. तिची काही गाणी भावाच्या नावावर छापली गेली, राणी व्हिक्टोरियाला त्यातलंच एक फार आवडायचं आणि शेवटी फेलिक्सलाच सांगावं लागलं की हे माझं नाही, बहिणीचं आहे. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ, तर संगीताचं पुलित्झर १९४३ ला सुरू झालं आणि एका बाईला मिळायला १९८३ उजाडलं, एलन टाफी झ्विलिख यांना. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या नामांकित ऑर्केस्ट्राने बायकांना सभासद करून घ्यायला १९९७ पर्यंत वेळ घेतला.

आणि हे फक्त तिकडचं आहे असं नाही. हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ चा, आपल्या मिरजेतला, अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी. तिकीट लावून, घरंदाज साडीत, समोर बसलेल्या जाहीर श्रोत्यांसाठी गाणाऱ्या पहिल्या काही बायकांत त्या आहेत, आणि त्यांनी ते केलं तेव्हा ती साधी गोष्ट नव्हती. त्यांच्यामुळे पुढच्या किती जणींना स्टेज मिळालं. आपल्याकडे बायका गायला लागल्या, पण रचनाकार म्हणून नाव घ्यायचं झालं की आजही जीभ अडखळते. प्रभा अत्रेंनी नवे राग बांधले, अश्विनी भिडे-देशपांडे बंदिशी बांधतात, हे रसिकांना माहीत असतं पण 'संगीतकार' म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुषच येतो. एक अख्खी संध्याकाळ फक्त पुरुषांच्या रचना वाजतात तेव्हा 'पुरुषच का' असं कोणी विचारत नाही, आणि अशा संध्याकाळी आपण सगळ्यांनी शेकड्याने घालवल्यात. म्हणून ही एक.

७. बरं महिला, पण हयातच का? गुबाइदुलिना का नाहीत?

ज्यांनी हा प्रश्न विचारला त्यांना नमस्कार, म्हणजे सांगली-मिरजेत गुबाइदुलिना ऐकणारी माणसं आहेत! रशियन संगीतकार सोफिया गुबाइदुलिना मार्च २०२५ मध्ये गेल्या. फिनलंडच्या काइया सारिआहो जून २०२३ मध्ये गेल्या. दोघींचं काम मोठं आहे, गुबाइदुलिनांचा १९६२ चा 'शाकोन' तर आमच्या पहिल्या यादीत होता. पण नियम एकच ठेवला, यादी करताना संगीतकार हयात हवी, नाहीतर मग एकोणिसाव्या शतकातल्या क्लारा शुमान का नाहीत, फॅनी का नाही, यादी संपतच नाही.

आणि कारण फक्त सोयीचं नाहीये. आपल्याकडे एखादी बाई गेली की मग तिच्या नावाने पुरस्कार, स्मृतिदिन, विशेषांक सगळं होतं. जिवंतपणी तिची रचना वाजवली तर ती तिच्यापर्यंत पोचते, मानधनाचे पैसे तिच्या हातात जातात, वादकाला एखाद्या पानाबद्दल शंका असेल तर सरळ ईमेल करून विचारता येतं. गेलेल्यांना विसरा असं कोण म्हणतंय, त्यांची वेगळी मैफल करू की.

८. यूट्यूबवर ऐकलं, मधेमधे बेसूर वाटलं. असंच असतं का?

काही ठिकाणी हो, असंच असतं, आणि मुद्दाम असतं. पण 'बेसूर' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, पियानोची स्वतःची लावणी. पियानोवर सप्तकाचे बारा अगदी समान भाग करतात, कारण कुठल्याही पट्टीतून वाजवता यावं. त्यामुळे पंचम जवळपास बरोबर येतो, दोन सेंट उतरलेला, पण गंधार तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो त्या गंधारापेक्षा साधारण चौदा सेंट चढा असतो. सेंट म्हणजे एका अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. चौदा म्हणजे कमी वाटेल, पण मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत तानपुरा लागताना ज्याने ऐकलंय त्याला तो फरक टोचतो, आणि टोचला तर तुमचा कान चांगला आहे. हा वाद आपल्या भागाला नवा पण नाही, कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमेंट्स यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी बावीस श्रुतींची पेटी विलायतेत बनवून घेतली होती, आणि श्रुतींच्या त्या अभ्यासात अब्दुल करीम खाँसाहेबांची मदत होती. कीबोर्ड आणि श्रुती यांचं भांडण त्यांनी मिटवायचा प्रयत्न केला, मिटलं नाही ते.

दुसरी, विसंवादी सूर. दोन शेजारचे सूर एकत्र वाजले की त्यातून थरथर येते, आधुनिक संगीतकार ती थरथर रंग म्हणून वापरतात. लगेच सुटका शोधू नका, तो आवाज विरेपर्यंत ऐका, विरताना त्यातून वेगळेच सूर वर येतात. तानपुऱ्यात आपण नेमकं हेच ऐकतो, चार तारांतून न वाजवलेला गंधार.

तिसरी, सूर खरंच उतरलेला असणं, ट्यूनिंग बिघडलेलं असणं. ते आमच्याकडे होऊ नये म्हणून काय करतोय ते प्रश्न १२ मध्ये.

९. सगळं आधीच लिहिलेलं असतं, मग वाजवणाऱ्याचं काय कौतुक?

नाटकाची संहिता लिहिलेलीच असते की, तरी आपण नट बघायला जातो. कागदावर सूर, लय, जोर एवढं असतं, पण प्रत्येक पट्टीला किती वजन द्यायचं, पाय पेडलवरून नेमका कधी उचलायचा, दोन वाक्यांमध्ये किती थांबायचं हे वादकाचं. आणि या रचनांची आधीची रेकॉर्डिंग मोजकी, त्यामुळे नक्कल करून भागत नाही.

१०. दाद कधी द्यायची? मधे 'वा' म्हटलं तर चालतं का?

पाश्चात्त्य मैफलीत गप्प बसायचं हा रिवाज बराचसा एकोणिसाव्या शतकातला आहे. १७७८ मध्ये मोझार्टने पॅरिसहून वडिलांना लिहिलं होतं की त्याची सिंफनी चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याला त्याचा आनंद झाला. म्हणजे आपल्यासारखंच.

तरी माझी विनंती अशी. लिऑन आणि चिन यांच्या वेळी आतून आलं तर 'वा' जाऊ द्या, कोणी वळून बघणार नाही. वीअर आणि अली-झादे यांच्या रचनांत बारीक आवाज आणि सूर विरणं हेच संगीत आहे, तिथे आपला आवाज त्यावर पडला तर शेजारच्याचं ऐकणं जातं. तिथे मान हलवा, हात हलवा. रचना संपली हे कसं कळायचं? वादकाचे हात मांडीवर आले की. ते वर असतील तोवर आवाज थांबलेला वाटला तरी रचना चालू आहे.

११. माईक नाही म्हणे? मागे ऐकू येईल का? आणि पंखे बंद का?

ग्रँड पियानो हॉलभर ऐकू येतो, त्याचं झाकण उघडलं की आवाज त्यावर आपटून श्रोत्यांकडे येतो. स्पीकरमधून आला की प्रश्न ८ मधल्या त्या बारीक गोष्टी सगळ्या सपाट होतात. बोलण्यापुरता माईक आहे. पंख्यांच्या आवाजात बारीक सूर बुडतात, म्हणून रचना चालू असताना पंखे बंद, रचनांच्या मधे चालू, आणि जानेवारीत तेवढं सहन होतं.

कुठे बसू हे पण विचारतात. हात बघायचे असतील तर स्टेजकडे तोंड करून डावीकडे, आवाज थेट हवा असेल तर मधे किंवा उजवीकडे. मला विचाराल तर उजवीकडे, चौथी-पाचवी रांग.

१२. पियानो कुठून आणताय? आणि जानेवारीच का, पावसाळ्यात हॉल स्वस्त मिळतो.

पुण्याहून भाड्याने, सात फुटी ग्रँड. वजन साडेतीनशे-चारशे किलोच्या घरात. पाय आणि पेडलचा भाग काढून, आडव्या कडेवर उभा करून, फळीला बांधून, ब्लँकेट गुंडाळून टेम्पोत येतो. आत दोनशेच्या वर तारा, सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांचा, हा सगळा ताण लोखंडी चौकट पेलते पण खालचा साउंडबोर्ड, म्हणजे आवाज मोठा करणारी फळी, लाकडाचा. लाकूड दमट हवेत फुगतं, सूर चढतात, कोरड्या हवेत आकसतं, सूर उतरतात. म्हणून दोन दिवस आधी आणून हॉलच्या हवेत ठेवायचा, मग ट्यून करायचा, मैफलीच्या सकाळी परत, आणि मध्यंतरात थोडं हात लावायचा. ट्यूनर पण पुण्याहूनच येतोय, त्याचा खर्च भाड्याच्या जवळपास जातो आणि तो वाचवायचा विचार आम्ही केला नाही.

पावसाळ्याचं म्हणाल तर २०१९ आणि २०२१ ला कृष्णेने काय केलं ते सांगलीकरांना सांगायला नको. भाड्याचा ग्रँड पियानो आणि आयर्विन पुलाखालची पाण्याची पातळी, दोन्ही काळज्या एकाच आठवड्यात नकोत.

१३. तारांवर माळ ठेवायची म्हणजे पियानो खराब नाही का होणार?

नीट ठेवली तर नाही. पियानोत वस्तू ठेवून वाजवण्याची पद्धत जॉन केजने १९४० च्या सुमाराला रूढ केली, तेव्हापासून काय चालतं काय नाही हे बऱ्यापैकी ठरलंय. माळ हलकी आहे, तारेवर नुसती टेकते, अडकवत नाही. उघड्या बोटांचा घाम तारांना लागला तर गंज धरतो, म्हणून हातमोजे किंवा नंतर कोरड्या फडक्याने पुसणं. डँपरना, म्हणजे सूर थांबवणाऱ्या नमद्याच्या तुकड्यांना, हात लावायचा नाही. हे सगळं पियानोमालकाला आधी लेखी सांगून परवानगी घेतलीय, आणि तुम्ही असं कधी करणार असाल तर तुम्हीही घ्या.

१४. पियानो जाळतात असा व्हिडिओ आलाय, तसलं काही आहे का?

तुम्ही बघितलेली बहुतेक 'पियानो बर्निंग' असावी, न्यूझीलंडमध्ये १९३९ ला जन्मलेल्या अ‍ॅनिया लॉकवुड यांची १९६८ ची कलाकृती. त्यांची अट अशी की दुरुस्तीपलीकडे गेलेलाच पियानो घ्यायचा. आगीत तारा तुटतानाचे आवाज त्यांना ऐकायचे होते. आमच्या कार्यक्रमात ती नाही.

१५. दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं किती वेळ? पियानोची पूजा करणार का?

समई लागेल, पियानोपासून लांब, स्टेजच्या दुसऱ्या टोकाला. भाषण एक, तेही आभाराचं, शेवटी. सत्कार नाहीत, ज्यांनी मदत केलीय त्यांनीच नको म्हणून सांगितलं. वाद्याला नमस्कार करून सुरुवात करायची आपली पद्धत आहे आणि ती पाळणारच, फूल ठेवायचं तर बाजूच्या पाटावर. हळद-कुंकू, अक्षता, हार यातलं काहीही पियानोवर किंवा पट्ट्यांवर नको, पट्ट्यांच्या फटीत एक अक्षत गेली तरी ती पट्टी अडकते.

१६. लहान मुलांना आणू का?

आणा. अली-झादेंच्या रचनेसाठी आत माळ कशी ठेवतात ते ज्यांना बघायचंय त्या मुलांना मध्यंतरात स्टेजवर बोलावणार आहोत, हात मागे बांधून बघायचं. तान्हं बाळ असेल तर दाराजवळची खुर्ची घ्या, रडलं की बाहेर जाता येतं, कोणी काही म्हणणार नाही.

१७. फुकट ठेवली असती तर लायसन्सचा खर्च वाचला असता ना?

कायद्याची माहिती असलेल्या एकाने विचारलं, म्हणून नीट लिहितो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी सवलत आहे की हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर रचना सादर केली तर ते उल्लंघन धरत नाहीत. आमची वादक व्यावसायिक आहे आणि तिला आम्ही मानधन देतोय, तेव्हा स्वतःला हौशी म्हणवून घेणं आम्हाला पटत नाही. बेथोव्हेनचा हक्क कधीच संपला, भारतात तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे हयात संगीतकारांचा तर पुरता शाबूत. सादरीकरणाची परवानगी घेतलीय, आणि तिकिटाचा एक भाग त्यात जातो. प्रश्न ६ मध्ये एवढं सगळं बोलायचं आणि मग त्याच बायकांचे पैसे बुडवायचे, हे नाही जमणार.

१८. मोबाईलवर रेकॉर्ड केलं तर? फक्त घरी ऐकायला.

नको. संगीतकाराचा हक्क आहे तसा वादकाचाही तिच्या सादरीकरणावर हक्क आहे. फोटो टाळ्यांच्या वेळी काढा. सहाही रचनांची नावं पत्रिकेच्या मागे छापलीत, घरी जाऊन अधिकृत रेकॉर्डिंग ऐका.

१९. मुलगी पियानोच्या ग्रेड परीक्षा देतेय, तिला यातलं काही वाजवता येईल?

या सहांपैकी बहुतेक अवघड आहेत, चिन तर फारच. पण हयात महिला संगीतकारांनी शिकणाऱ्यांसाठी भरपूर लिहिलंय. जपानच्या कारेन तानाका यांच्या मुलांसाठीच्या छोट्या रचनांपासून सुरुवात करा. एलेना काट्स-चेर्निन, ताश्कंदला जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या, त्यांच्या रचना जरा पुढच्या ग्रेडला कानाला गोड आणि बोटांना कामाच्या. नोट्स प्रकाशकाकडून पीडीएफ विकत मिळतात. झेरॉक्स मागू नका, देणार नाही, कारण १७ मध्येच आलंय.

२०. कार्यक्रम ठरल्यावर यातलं कोणी गेलं तर? वाईट विचारतोय, पण तुमचा नियम आहे म्हणून.

विचारलंत ते बरं केलंत. तानिया लिऑन ऐंशीच्या पुढच्या आहेत. असं झालं तर रचना काढणार नाही, तिच्या आधी चार शब्द बोलून वाजवू. यादी करताना त्या हयात होत्या, परवानगी त्यांच्या हयातीत घेतलीय, नियम पाळला गेला.

२१. साताऱ्याहून, कराडहून यायचंय, परत जायला मिळेल का?

शेवटची एसटी किंवा मिरजेहून रेल्वे गाठायची असेल तर वेळापत्रक आदल्या दिवशी बघून निघा. कराड-साताऱ्याच्या लोकांचा एक ग्रुप केलाय, गाड्यांमध्ये जागा असते, पत्रिकेवरच्या नंबरवर सांगा, जोडून देतो. चिनचे एट्यूड शेवटी आहेत, ते सोडून मध्यंतरात उठू नका एवढंच.

२२. मी स्वतः लिहिते. पियानोसाठी लिहिलेलं कोणी बघेल का?

बघू, आणि वाजवूनही बघू. आमची पियानिस्ट मैफलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पियानो परत जायच्या आधी, दोन-तीन तास हॉलमध्येच आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर कुठलीही असा, वयाची अट नाही, शिक्षणाची नाही. स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य लिपीत) असेल तर उत्तम, हाताने लिहून फोटो काढून पाठवलंत तरी चालेल, भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीत लिहिलं असेल तर सोबत गाऊन रेकॉर्ड केलेलं पाठवा म्हणजे लय कळेल. पाच मिनिटांच्या आतलं पाठवा. नाव नको असेल तर तसं लिहा, पण मी म्हणेन नाव घाला.